ओळखीचा ठोका

१

जीप शिकायची ती ताराचंदकडून, या एका गोष्टीनेच जागेश्वरचं डोकं सणकलं होतं.

ताराचंद ड्रायव्हर नव्हताच मुळी. जन्मभराचा क्लीनर. चाळिशी उलटली तरी लायसन नाही, कारण डाव्या डोळ्यात फूल. खांद्यावर तेलकट फडकं, गालात तंबाखू, आणि तोंडाचा पट्टा असा की त्यापुढे इंजिनाची घरघर परवडली. असला माणूस कुणाला काय शिकवणार? पण तेवढंच असतं तर जागेश्वरने चालवून घेतलं असतं. भुरी डोंगराच्या वरच्या वळणावर त्याचा मोठा भाऊ मधुसूदन जीप मागे घेत होता, तेव्हा गाडीच्या मागे उभा राहून इशारा देणारा माणूस हाच होता. मधू दरीत गेला आणि हा आपल्या दोन पायांवर चालत खाली आला. तेव्हापासून नागपुरातल्या अख्ख्या तांडापेठेत ताराचंदला कुणी पाणी विचारत नव्हतं. जागेश्वरच्या मते ही शिक्षाही कमीच होती.

मधू गेल्यावर घरी माणसं येऊन गेली. पाणी प्यायली, सुपारी चघळली, नशिबाला नावं ठेवली आणि चपला शोधत निघून गेली. तेरवी झाल्यावर मनोहरराव ठेकेदार आला. वाडीला त्याचं लाकडाचं गोदाम, आणि देवलापारच्या पलीकडे डोंगरात बांबूचं कूप, म्हणजे तोडीला घेतलेला जंगलाचा तुकडा. पांढऱ्या धोतराला धूळ लागू नये म्हणून तो खाटेच्या काठावर बसला आणि म्हणाला, "गाडी नीट करून आणली बरं का. तुह्या भावाची जागा तुह्याचसाठी ठेवली मी. ताराचंद शिकवते तुले."

जसं काही गादीवर बसवत होता.

गाडी नीट झाली होती, हे खरं. ती घसरताना मोहाच्या झाडाला अडकली होती. मधू अडकला नव्हता.

जागेश्वरला त्या खाटेसकट ठेकेदाराला गल्लीत फेकावंसं वाटलं. पण तो हो म्हणाला. एक तर आईमुळे. गोदूबाईने रडणं संपवून एकच धोशा लावला होता, "मले एक डाव तिथं ने रे. पोरगा कुठं पडला ते तं पाहू दे. वर्षाच्या आत तांब्याभर पाणी सोडते तिथं अन् येते." त्या डोंगरावर जीपशिवाय काही चढत नव्हतं, आणि त्या जीपवर बसायला दुसरा कुणी ड्रायव्हर तयार नव्हता.

दुसरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ताराचंदला त्याच वळणावर, त्याच गाडीच्या मागे उभं करायचं, आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

२

पहिले काही दिवस डोंगराच्या पायथ्याशीच गेले. तिथे ठेकेदाराच्या माणसांच्या झोपड्या होत्या, एक नाला होता, आणि बैलगाड्यांनी खणलेली एक वाट होती. तिला रस्ता म्हणायचं तर डांबराची माफी मागावी लागली असती. जीप अमेरिकन पलटणीच्या लिलावातली, स्टिअरिंग डाव्या हाताला. क्लच एवढा कडक की संध्याकाळी मांडीत गोळे यायचे.

"दगडाकडे पाहू नोको," ताराचंद शेजारी बसून सांगायचा. "दगडाच्या बाजूच्या जागेकडे पाह. जिकडं डोळा, तिकडं चाक."

"तुह्या डोळ्यानं पाहू का मंग?"

"उतारावर क्लच दाबशील तं मरशील. गेअरलेच गाडी धरू दे. अन् स्टिअरिंगचा अंगठा बाहेर ठेव, चाक दगडाले लागलं का स्टिअरिंग फिरते अन् अंगठा मोडते."

"मधूदादाले बी तूच शिकवलं का गा हे?"

ताराचंद तोंड फिरवायचा. मग तंबाखू थुंकून पुन्हा बोलायला लागायचा. त्याला लाज नव्हती, असं जागेश्वरचं मत झालं होतं.

गाडी मागे घ्यायची रीत मात्र सगळीकडे एकच होती, तीच इथेही. क्लीनर मागच्या कोपऱ्यावर उभा राहतो आणि तळहाताने पत्र्यावर ठोका मारतो. ठोके पडत राहिले तर येऊ दे. एकच मारून थांबला तर तिथेच थांब. ड्रायव्हरने मान वळवायची नाही, कान मागे ठेवायचा. जागेश्वरला ही गोष्ट शिकवावी लागली नाही. तांडापेठेतल्या कुठल्याच पोराला शिकवावी लागली नसती.

कोष्ट्याच्या घरात पोर रांगायला लागतं तेव्हापासून मागाच्या हात्याचे ठोके ऐकतं. धोटा सुटतो, हात्या पुढे येतो, सूत दाबलं जातं, ठक. गल्लीतून डोळे मिटून चाललं तरी कळतं की कुठल्या मागावर कोण बसलंय. बाबांचा ठोका जड होता, आणि अधूनमधून तो अडायचा, कारण मध्येच खोकला यायचा. त्या खोकल्यानेच ते गेले. मधूचा ठोका वेगळा. लहानपणी चिंचेवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं, ते नीट बसलं नाही. दोन ठोके सरळ पडायचे आणि तिसरा किंचित मागे रेंगाळायचा. आई कांड्या भरता भरता म्हणायची, "माह्या मधूचा तिसरा ठोका, बाप्पा, बैलगाडीनं येते."

नाल्यातून गाडी मागे घ्यायचा तो पहिलाच दिवस होता. ताराचंदचे ठोके पडत होते, मग एक पडून थांबला. जागेश्वरने ब्रेक दाबला. ताराचंद फडक्याने हात पुसत पुढे आला आणि बॉनेटला टेकून उभा राहिला.

"जमलं तं," तो म्हणाला. "तुह्या भावापेक्षा लवकर शिकतं तू."

तेवढ्यात मागे पत्र्यावर ठोका पडला. हलका. मग आणखी एक.

जागेश्वर उतरून मागे गेला. नाल्यात पाणी नव्हतं, माणूस नव्हतं. मागच्या फळीची साखळी लोंबकळत होती. तीच वाजली, उघड होतं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, वारा नव्हता, या गोष्टी त्याने मनात येऊ दिल्या आणि तशाच जाऊ दिल्या. साखळीला ताराचंदचं फडकं गुंडाळून त्याने करकचून गाठ मारली.

"फडकं काहून घेतलं बे माहं?"

"तुह्या गाडीची साखळी बी तुह्यासारखीच हाये. चूप राहत नाई."

३

मग चढ सुरू झाला.

भुरीचा रस्ता डोंगराला वेढे घालत जात नव्हता. जिथे जमेल तिथे सरळ छातीवर चढत होता, आणि जिथे जमत नव्हतं तिथे अचानक मोडत होता. दगड सुटे, मध्ये पावसाने पाडलेल्या घळी. जागेश्वरने गाडी पहिल्यात टाकली, चारही चाकं इंजिनाला जोडली. बॉनेट वर गेलं आणि समोर नुसतं आभाळ राहिलं. पुढची वाट दिसेना. अंगाखाली काहीतरी मोठं जनावर दम खात चढतंय असं वाटत होतं. त्याला ते आवडलं. मधू गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"सोडू नोको, सोडू नोको, दाबून धर," ताराचंद ओरडत होता. "आता हळू. आता..."

तो मध्येच थांबला. ताराचंद बोलता बोलता थांबला, हीच गोष्ट आधी चुकल्यासारखी वाटली. मग जागेश्वरच्या कानाने उरलेलं पकडलं. मागच्या पत्र्यावर ठोके पडत होते. सावकाश, सारख्या अंतराने, कुणीतरी चढावर गाडीमागून पायी चालत यावं तसे.

चढ संपला. सपाटीवर आल्यावर ते बंद झाले.

"ऐकलं का?" ताराचंदने विचारलं.

"काय?"

"काही नाई."

"बोल ना. भूत हाये म्हणून सांगतं का आता? तेवढंच रायलं होतं."

ताराचंदचा चांगला डोळा त्याच्याकडे लागला होता.

मागे तांदळाचं एक पोतं होतं आणि पाण्याचा डबा. डबा पोत्यावर आपटत असणार. जागेश्वरने दोन्ही झुडपाखाली उतरवून ठेवलं. फळीची गाठ पाहिली, जशीच्या तशी होती. स्टेपनी हलवून पाहिली, ती हलेना. आता मागे वाजेल असं काहीच उरलं नव्हतं. यावर तो खूश झाला.

पुढच्या चढावर ठोके पुन्हा आले. या खेपेला मागच्या पत्र्यावर नाही. बाजूच्या पत्र्यावर, त्याच्या पाठीच्या जरा मागे. हात लांब केला तर खांद्याला लागेल इतके.

ताराचंदचे दोन्ही हात समोरच्या दांडीवर होते. जागेश्वरने ते पाहिले. नखं पांढरी झालेली पाहिली. कसा भितो पाहा, त्याला वाटलं, पाप माणसाला असं खातं. आणि आपण का मागे वळून पाहत नाही, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. ड्रायव्हरने मान वळवायची नसते, एवढं उत्तर तयार होतं.

४

दुपारी ते झोपड्यांकडे परतले. मजूर कूपावर गेलेले, चुली विझलेल्या. ताराचंद पळसाखाली आडवा झाला. जागेश्वर त्याच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी काय झालं?"

"किती डाव सांगू?"

"मले नाई सांगितलं. लोकाईले सांगितलं."

ताराचंद उठून बसला. "वरच्या वळणावर गाडी एका दमात वळत नाई. पुढं घ्या, मंग दरीच्या अंगाले मागं घ्या, मंग वर काढा. रोजचं काम होतं. मी उजव्या कोपऱ्यावर होतो. जागा संपली, तसा एक ठोका मारला. एकच, जागेश्वर. मधू थांबला बी. मंग डाव्या कोपऱ्यावर ठोके पडाले लागले. अन् मधूनं गाडी सोडली."

"डाव्या कोपऱ्यावर कोण होतं?"

"डाव्या कोपऱ्याखाली जमीनच नव्हती."

जागेश्वर हसला. असं हसला की झाडावरचा एक पक्षी उडाला. "वा रे बहाद्दर! माणूस मारला, अन् गोष्ट बी धड रचता येत नाई तुले. पिऊन होता म्हण ना. डुलकी लागली म्हण. दादानं ऐकलं नाई म्हण. आम्ही तेवढं तं मानलं असतं."

"मी पीत नाई."

"मंग उद्या उभा राहा तिथंच. त्याच कोपऱ्यावर. मी मागं घेतो गाडी."

"मी नाई येत वर."

"काहून? तू तं एकच ठोका मारला ना?"

ताराचंद बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "तुह्या आईनं माह्या तोंडावर दार लावलं. माही पोरगी नळावर जाते तं बाया बादल्या उचलून घेतात. तुले पटलं, का मी खोटं नाई बोललो, तं आईले सांगशील? चार लोकाईत सांगशील?"

"सांगीन."

"आईची शपथ?"

"शपथ," जागेश्वर म्हणाला, कारण देऊन टाकायला त्याला ती फार स्वस्त वाटली.

५

सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं तेव्हा ते वळणावर पोचले. ठोके आज आले नव्हते. एकाही चढावर नाही. ताराचंद रस्ताभर गप्प होता आणि त्याच्या गप्प बसण्यानेही जागेश्वर चिडला होता.

जागा अगदीच फालतू होती. रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढे जी नाचत होती ती ही असेल असं वाटेना. लाल मुरुमाचा एक तुकडा, एका बाजूला उभा दगड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या काहीच नाहीच्या कडेला अर्धवट सोललेल्या सालीचा एक मोह. याच्यासाठी मधू गेला. एवढ्याशा जागेसाठी.

ताराचंद उतरला. उजव्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. जागेश्वरने पुढे घेतली, बॉनेट दगडाला लागेपर्यंत, आणि मग मागचा गेअर टाकला. ठोके सुरू झाले. ताराचंदचा ठोका पातळ होता, बोटांचा, तळहाताचा नव्हे. येऊ दे. येऊ दे. येऊ दे. आणि मग एक, आणि शांतता.

जागेश्वरने ब्रेक दाबला. गाडी थांबली.

आता ताराचंद चुकेल, आता तो घाबरून काहीतरी कबूल करेल, असं त्याला वाटत होतं. कोपऱ्यावरचा माणूस खोकला, तंबाखू थुंकला, एवढंच. आणि मग त्याच्या मनात एकदम आलं की याला थोडं घाबरवावं. विचार करून आलेलं ते नव्हतं. त्याने ब्रेक जरासा सोडला. गाडी वीतभर मागे सरकली.

"थांब बे! थांब, हरामखोर!" ताराचंद किंचाळला आणि गाडीला वळसा घालून धावत पुढे आला. बॉनेटसमोर उभा राहून त्याने दोन्ही हात वर केले. मरणाच्या भीतीने त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. जागेश्वरला हसू आलं. त्याने पुन्हा ब्रेक दाबला.

आणि मागून ठोके पडले.

डाव्या कोपऱ्यावर. तळहाताचे. दोन सरळ, तिसरा किंचित रेंगाळलेला. दोन सरळ, तिसरा रेंगाळलेला.

भीती वाटायला हवी होती, हे त्याला नंतर कळलं. तेव्हा जो वाटला तो आनंद होता. निव्वळ आनंद, शाळेत न्यायला कुणी आल्यावर पोराला वाटतो तसा. मागे कोण आहे हा प्रश्नच उरला नव्हता. जगात असा ठोका एकाच माणसाचा होता. तो म्हणत होता, येऊ दे, जागा आहे, येऊ दे. जागेश्वरचा पाय ब्रेकवरून आपोआप उठायला लागला.

समोर ताराचंद दोन्ही हात हलवत ओरडत होता. त्याचं तोंड उघडमिट होताना दिसत होतं. आवाज येत नव्हता. मध्ये फक्त ते ठोके होते.

डाव्या बाजूच्या गोल आरशाकडे त्याची नजर गेली. मान त्याने वळवली नाही. आरशात मागच्या फळीचा कोपरा होता आणि कोपऱ्यावर एक हात होता. मनगटापर्यंत. मनगट जरा वाकडं. बोटं फळीवर अशी सैल पडली होती जशी भावाच्या खांद्यावर पडतात. हाताच्या पलीकडे आभाळ होतं, आणि फार खाली, झाडांचे शेंडे. त्या हाताच्या माणसाला उभं राहायला तिथे काही नव्हतं.

मधूने त्याला कधीच बोलावलं नव्हतं. ही गोष्ट जागेश्वरला त्या क्षणी आठवली, आणि ती आठवल्याचा त्याला रागच आला. किती वेळा तो मागे लागला होता, मले बी ने, मले बी शिकव. मधू दर वेळी म्हणायचा, तू नोको येऊ. मागावर बैस. हा रस्ता तुह्यासाठी नाई. एकदा तर गाडीच्या मागे धावला म्हणून मधूने उतरून थोबाडीत दिली होती.

"कोण हाये बे तू?" जागेश्वर म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण फार बारीक.

ठोके पडत राहिले. दोन सरळ, तिसरा रेंगाळलेला.

त्याने गेअर कसा बदलला ते त्याला आठवत नाही. दात करकरले, गाडीने उडी घेतली. ताराचंद बाजूला फेकला गेला, मग धडपडत उठून पलीकडून आत चढला. मागची चाकं मुरुमात फिरली, फिरली, आणि धरली. ठोके आता घाईने पडत होते. बाजूच्या पत्र्यावरून पुढे पुढे येत होते, सीटच्या मागे, कोपराच्या मागे. तिसरा ठोका आता रेंगाळत नव्हता. त्याला वेळ नव्हता.

वळण संपत आलं तेव्हा सगळं थांबलं. आणि मग शेवटचा एक पडला.

एकच. थांब.

एका ठोक्यावरून हात ओळखता येत नाही. तीन लागतात, निदान दोन. तो मधूने मारला, की दुसऱ्या कशाने, हे कळायला काही मार्ग नव्हता. जागेश्वरने पाय दाबून धरला आणि थांबला नाही.

६

जीप त्यांनी वर कूपावरच सोडली. उतरताना तेच वळण लागलं असतं. बांबू तोडणाऱ्यांची एक पायवाट डोंगराच्या दुसऱ्या अंगाने खाली जात होती, तिने ते उतरले. देवलापारला डांबरी रस्त्यावर चहाचं दुकान होतं. ट्रक येईपर्यंत ते बाकावर बसले.

ताराचंदने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "मी पुढं होतो," तो म्हणाला. "पाहिलं ना? माहे दोन्ही हात पाहिले ना तू?"

"पाहिले."

"ऐकलं ना?"

जागेश्वर रस्त्याकडे पाहत राहिला.

"एक गोष्ट मी कोणाले सांगितली नाई. सांगून कोण मानते? त्या दिवशी मी ओरडलो, मधू, तो ठोका माहा नाई. तं तो हसला. पोट्टं हसते तसा हसला. म्हणाला, ओळखीचा हात हाये रे, ताराचंद. माह्या बाबाचा हात हाये. अन् ते ठोके मध्येच थांबत होते, कोणाचा दम लागल्यासारखे. मंग त्यानं सोडली गाडी."

बाहेर एक ट्रक गेला. दुकानदाराने स्टोव्हला पंप मारला.

जागेश्वरच्या हातात कप होता. त्याने तो न पिता खाली ठेवला. मधूने बाबांना ऐकलं. त्याने मधूला ऐकलं. आई वर आली तर? तिला आरसा लागणार नव्हता, तीन ठोकेही लागणार नव्हते. आयुष्यभर कांड्या भरत बसून तिने दोघांना ऐकलं होतं, झोपेतसुद्धा. तिच्या कानाला एक पुरला असता. आणि तिला कुणी थोबाडीत मारून परत पाठवलं नव्हतं, की तू नोको येऊ. ती हसत गेली असती. पाण्याचा तांब्या हातात घेऊन.

"आता तं सांगशील ना?" ताराचंद म्हणाला. "आज रातच्याले येऊ का घरी? तू सांग, मी बाजूले उभा राहतो. आईच्या पाया पडतो."

जागेश्वरने त्याच्याकडे पाहिलं. फूल पडलेला डोळा, तंबाखूने काळे झालेले दात, खरचटलेली कोपरं. हा माणूस खरं बोलत होता, पहिल्या दिवसापासून, आणि तो खरं बोलत होता याचाच आता त्याला सगळ्यात जास्त राग आला. खोटा असता तर किती सोपं होतं. खोटा माणूस घरी आणता येतो, चार लोकांत उभा करता येतो. हे खरं आईच्या घरात आणता येणार नव्हतं. ऐकलं की ती दुसऱ्याच दिवशी ते ठोके ऐकायला निघाली असती.

"काय सांगू?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ठोके तूच मारले. मी सांगणार ते हेच."

ताराचंदने बशी बाकावर आपटली. चहा त्याच्या धोतरावर सांडला. "तू शपथ घेतली होती."

"घेतली होती."

"माह्या पोरीचा तं विचार कर, नालायका!"

"चूप राय."

ताराचंद उठला. जागेश्वरला वाटलं तो मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो नुसता थुंकला, बाकाच्या पायाशी, आणि नागपूरच्या उलट्या दिशेला चालू लागला. रस्त्याच्या कडेने, खाली मान घालून. ट्रक थांबला तेव्हा जागेश्वर एकटाच चढला.

७

गोदूबाई दारात रहाट घेऊन बसली होती. कांडी भरत होती. त्याला पाहून तिचा हात थांबला नाही.

"काय म्हणाला तो मुडदा?"

"कबूल केलं," जागेश्वर म्हणाला. "त्यानंच मारले ठोके. पिऊन होता."

आईने कांडी खाली ठेवली. मग तिने तोंड सोडलं. ताराचंदच्या आईपासून सुरुवात केली, त्याच्या फुटक्या डोळ्यावरून त्याच्या पोरीवर आली, आणि मेल्यावर त्याला खांदा द्यायला कुत्रं मिळू नये इथपर्यंत गेली. शेजारच्या दोघी बाया दारात आल्या आणि माना डोलवू लागल्या. जागेश्वर उंबऱ्यावर बसून ऐकत होता. आईचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

"अन् मले कवा नेतं तिथं?" तिने मध्येच विचारलं.

"तिथं पाहण्यासारखं काही नाई. नुसता मुरूम हाये. रस्ता बी पडला वं आई, गाडी जात नाई आता."

"मंग पायी जाईन."

"पायी?"

"त्यात काय? मजुरीन बाया चढत नाईत का डोंगर? त्याईच्यासंग जाईन. तू नोको येऊ."

जागेश्वर उठून उभा राहिला. आणि त्याने ताराचंदला शिवी घातली. मग दुसरी घातली. बाया हसल्या, आईनेही आणखी एक जोडली. त्याने तिच्यावर कडी केली. त्याचा आवाज चढत गेला, समोरच्या मागावरचा हात थांबला, पोरं खेळ सोडून गोळा झाली. ताराचंद खुनी आहे, ताराचंद दारुडा आहे, त्या डोंगरावर ताराचंदच्या हरामखोरीशिवाय काही नाही, काही म्हणजे काही नाही, असं तो ओरडत राहिला. हळूहळू बाया आत गेल्या. आई रहाट सोडून त्याच्याकडे पाहत होती. ती केव्हाच थांबली होती. तो थांबेना.